पेन्सिलीची फुली

१८ नोव्हेंबर १९८६, मंगळवार. निपाणी

ह्यांनी आज मला चप्पल आणली. रबरी, निळ्या पट्ट्यांची. न मागता! पंधरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच. मी विचारलं, "कुणाची?" तर म्हणाले, "तुझीच गं. वाळूत चालायला." निपाणीत वाळू कुठली? नदीला जायचं तरी बस पकडावी लागते.

मग खिशातून पत्र काढलं. पंपाच्या कंपनीचं. यंदा सगळ्यात जास्त मोटरी खपवणाऱ्या नऊ डीलरांना जोडीनं सहल. लक्षद्वीपातलं एक बेट, चार दिवस. राहणं, खाणं, पिणं, होडीत बसणं, सगळं कंपनीचं. वर नाव कुणाचं? सौ. शालूबाई कृष्णात चौगुले, प्रोप्रायटर. म्हणजे मी!

दुकान काढलं तेव्हा हे वीज खात्यात वायरमन होते. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून दुकान बायकोच्या नावावर. अशा मालकिणी निपाणीत गल्लोगल्ली आहेत. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, नाव राहिलं ते राहिलं. बोर्डावर वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. कन्नड मला वाचता येत नाही, पण माझं नाव त्यात कसं दिसतं ते मी बरोबर ओळखते.

चप्पल मापाची आहे. ह्यांना माझं माप ठाऊक आहे हेच मला नवीन. काहीतरी शिजतंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज चार वर्षांनी सहीचा कागद आला. बेटावर जायचं परमिट. साहेबासमोर बसून सही करायची होती, म्हणून मला घेऊन गेले. ह्यांनी नेहमीसारखी पेन्सिलीनं बारीक फुली मारून दिली. "हितं कर गं सही, फुलीवर."

पूर्वी आठवड्याला कागद यायचे. मी कणकेचे हात धुऊन फुली दिसेल तिथं सही करायची. मग हळूहळू बंदच झाले. मी समजले, कागदपत्रं कमी झाली असतील.

सही करायला मला आवडतं. आमच्या आईचा अंगठा. तिच्या आईचाही अंगठाच. आबांनी मला कोगनोळीच्या शाळेत सातवीपर्यंत घातलं. लग्न ठरताना सासऱ्यांनी पाटावर बसवून चार माणसांत सही करायला लावली होती. "सून सहीची हाय!" असं गावभर सांगत होते ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धाकटे दीर भावकू आता दुकानात ह्यांच्या खुर्चीवर बसतात. पहिल्यांदा बाकावर बसत. मग स्टुलावर. आता खुर्चीवर. हे स्टुलावर.

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं नाव बोर्डावर किती दीस ठेवायचं? भावकूला पोरगा हाय." आणि आम्हाला जया आहे, तिचं काय? आठवीत वर्गात पहिली येते. फ्यूज गेला तर स्टूल घेऊन स्वतः तार घालते. दुकान तिचं. मी मनात कधीच तसं धरून ठेवलंय. ह्यांना बोलले नाही एवढंच.

हे मान खाली घालून जेवत होते. मला आणखी एक भाकरी वाढून घ्यायला सांगितलं. मला!

२३ नोव्हेंबर

ह्यांनी नवीन काळी बॅग घेतली. चेनची, बारकी. कुलूपही आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार. बेळगाव

बसची वाट बघत स्टँडवर बसलेय. रात्रभर मंगळूरपर्यंत बस, पुढे रेल्वेनं कोचीन. तिथून बोट. सोबत दहा भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबं. हे म्हणाले, "तिथं सगळं खायला मिळतंय गं." मिळेल. पण फुकट कोण देतं, आणि का देतं?

निघताना सासूबाईंनी माझी ओटी भरली. नारळ घातला! नारळाच्या बेटावर चाललेल्या बाईला नारळ. आजवर मी माहेरी निघाले तरी ह्या उठून दारापर्यंत येत नव्हत्या. भावकू पिशव्या घेऊन निपाणीच्या स्टँडपर्यंत आले. "वहिनी, दुकानाची काळजीच करू नका. मी हाय." त्याचीच तर काळजी आहे.

मी ठरवलंय. हे मला तिकडे खूश करून कसल्यातरी कागदावर सही घेणार. काळी बॅग मांडीवरून खाली ठेवत नाहीत. तर — वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. देवाशपथ.

२ डिसेंबर, मंगळवार. बोटीत

उलट्या. हे पाठ चोळतात, लिंबू हुंगायला देतात. एका हातानं. दुसऱ्या हातात बॅग.

३ डिसेंबर, बुधवार. बेटावर

बेटाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पाणी निळीच्या बादलीसारखं, आणि इतकं स्वच्छ की गुडघाभर पाण्यात पायाची नखं दिसतात. झावळ्यांच्या छपराच्या खोल्या. दारातच वाळू. चप्पल कामाला आली, ते कबूल करते.

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

काउंटरवरच्या माणसानं किल्लीबरोबर माझ्या हातात कुपनांचं पुस्तक दिलं. चहाचं कुपन, जेवणाचं, शहाळ्याचं, होडीचं. प्रत्येकावर बक्षीसवाल्यानं सही करायची. बक्षीसवाली मी! म्हणजे ह्यांना घोटभर चहा हवा तरी माझी सही लागणार. मला आतून उकळ्या फुटल्या. पण शपथही आठवली. एकेक कुपन धरून विचारलं,

"ह्यात काय लिहिलंय?"

"शहाळं."

"आणि मागं?"

"मागं काय न्हाय गं. कोरं हाय."

"कोऱ्यावर तर मी मुळीच सही करणार नाही!"

मागे बेळगावचे डीलर मारुतीराव आणि त्यांच्या सुलाबाई उभ्या. मारुतीराव हसायला लागले. ह्यांना घाम फुटला. "शालू, नारळाचं पाणी हाय ते. तुझी जमीन लिहून घेत न्हाईत." जमीन म्हणाले. दुकान नाही म्हणाले. मी लक्षात ठेवलं.

शेवटी शहाळ्याच्या एका कुपनावर सही केली. ठसठशीत, अक्षर न् अक्षर सुटं. त्या माणसानं ती बघितली. फायलीतून एक कागद काढून शेजारी धरला. मान हलवली.

"मॅडम, साइन नॉट सेम."

गेल्या वर्षी कुणीतरी आपली कुपनं दुसऱ्यांना वाटली होती म्हणे. म्हणून यंदा कंपनीनं प्रत्येकाचं होकाराचं पत्र इथं पाठवलंय आणि त्यावरची सही ताडून बघायला सांगितलंय. ते पत्र मी बघितलं. खाली माझं नाव होतं. सही होती. माझी नव्हती! त्यातला ल झोकात मागे वळवलेला आणि खाली लांब रेघ. मी कधी रेघ मारत नाही.

"आण हिकडं," हे म्हणाले. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दुसऱ्या कुपनावर माझं नाव लिहिलं. न थांबता, एका दमात. झोकदार ल. लांब रेघ. त्या माणसानं कोण लिहितंय ते बघितलंसुद्धा नाही, दोन सह्या तेवढ्या बघितल्या. जुळल्या.

"थँक्यू, मॅडम," तो मला म्हणाला.

शहाळं आलं. मी प्यायले. गोड होतं.

खोलीत आल्यावर विचारलं, कधीपासून? हे पाय धूत होते. "चार वरसं झाली की. दर खेपेला तुला चुलीपुढनं उठवायचं, फुली मारायची, तू हात धुणार, पेन हुडकणार. तुलाच तरास. मीच शिकलो. बँकेत बी तीच चालती." वर हसले. "तुझ्यापरास बरी जमती का न्हाय?"

म्हणजे मी इतके दिवस राखत बसले होते ती वस्तू घरात कधीची नव्हतीच.

४ डिसेंबर, गुरुवार

बक्षीससमारंभ. पहिल्या रांगेत नऊ मालकिणी, मागच्या रांगेत नऊ नवरे. कंपनीचे साहेब हिंदीत म्हणाले, आमच्या कंपनीची खरी ताकद ह्या बहिणी आहेत. टाळ्या! प्रत्येकीच्या गळ्यात हार. मग गंमत म्हणून त्यांनी विचारलं, पाच हॉर्सपॉवरची मोटर किती एकरांचं पाणी ओढते? नऊही जणींनी माना मागे वळवल्या.

मला फार लाज वाटली. तेरा वर्षं माझ्या नावानं मोटरी विकल्या गेल्या आणि मला एक उत्तर येऊ नये! चूक एकट्या ह्यांची नाही. मलाही सही केली की सुटल्यासारखं वाटायचं.

सुलाबाई जेवताना म्हणाली, "माझी सही कशी असती ते मला बी ठाव न्हाय. ह्येच करत्यात. डोस्क्याला ताप न्हाय बघ." मासा छान काटे काढून खात होती. मी विचारलं, आणि उद्या दुकान दुसऱ्याच्या नावावर केलं तर? तिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "असं कसं करतील? पुसतील की." थोड्या वेळानं परत म्हणाली, "पुसतील गं." मासा तसाच ताटात.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज बॅग माझ्या हातात आली. ह्यांनीच दिली. मारुतीरावांबरोबर समुद्रात उतरताना म्हणाले, "सांभाळ, भिजंल." किल्ली सदऱ्याच्या खिशात, सदरा माझ्या मांडीवर. इतका विश्वास! का मी उघडणार नाही असंच धरून चालतात?

मी उघडली.

वर माझ्या उलटीच्या गोळ्या. खोबरेल तेलाची बाटली. जयासाठी घेतलेल्या शंखांची माळ. त्याखाली स्टँपपेपर, मराठीतच टाईप केलेला, म्हणून वाचता आला. "मी सौ. शालूबाई कृष्णात चौगुले, राजीखुशीने माझे मालकीचे दुकान व बँकेतील खाते माझे दीर भावकू यांचे नावे करून देत आहे." तारीख १ जानेवारी १९८७. बँकेत द्यायचा कागद; दुकानाचं कर्ज तिथलं, बँकेनं मान्य केलं तरच नाव बदलतं. खाली साक्षीदारांच्या जागा कोऱ्या.

आणि सही. झोकदार ल. लांब रेघ.

फुलीसुद्धा नव्हती. फुली मारायची वेळच आली नाही त्यांच्यावर.

म्हणजे हे माझी सही घ्यायला बेटावर आलेच नव्हते. सही करूनच निघाले होते. मग ही चप्पल, हे शहाळं, हे पाठ चोळणं — हे सगळं मोबदला? की वाईट वाटतंय म्हणून?

कागद तसाच घडी घालून ठेवला. हे लांबून हात हलवत होते. मीही हलवला.

५ डिसेंबर, दुपारी

भांडायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण काय म्हणू? ती सही खोटी म्हटली तर नवरा आत जाईल. खरी म्हटली तर दुकान जाईल. आणि गप्प बसले तर जयाला उद्या काय तोंड दाखवू?

हे मला पाण्यात घेऊन गेले. पाठीखाली हात धरून म्हणाले, "अंग सैल सोड. मी हाय." मी विचारलं, हात सोडणार नाही ना? "न्हाय गं." मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता सोडतील, मग सोडतील. सोडला नाही. पाणी कानात गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. मला रडू आलं, पण खाऱ्या पाण्यात कुणाला काय कळणार?

हा माणूस मला बुडू देणार नाही. आणि न विचारता माझं दुकान देऊन टाकणार. दोन्ही एकाच हातांनी. मला त्यांचा इतका राग येतो, आणि हात सुटला तर भीतीही वाटते. असं कसं माणसानं जगायचं?

६ डिसेंबर

आज पाच कुपनं. पाचही सह्या माझ्या. मी एकही केली नाही.

७ डिसेंबर, रविवार. परतीच्या बोटीत

उलटी झाली नाही. होडीत, पाण्यात बसून बसून सवय झाली असेल.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भावकूंचं काय ठरलंय?"

हे म्हणाले, "शालू, आई रोज रडती. भावकूला कुठंच काम लागंना. घरातलंच हाय की सगळं. दुकान काय पळून जातंय व्हय?"

"आणि मी?"

"तुला काय कमी हाय? एक तारखेपासनं तुला कसलाच ताप न्हाय बघ. तुला समुद्र दावायचा होता, दावला."

म्हणजे सांगितलं, आणि नाहीही सांगितलं. ह्यांना वाटतं, ह्यांनी सांगून टाकलं. चेहरा हलका झाला होता. माझ्या भाकरीचा उरलेला तुकडा काढला, चटणी लावली, अर्धा मला दिला. भाकरी आठ दिवसांची, दगड झाली होती. तरी आम्ही दोघांनी खाल्ली.

११ डिसेंबर, गुरुवार. निपाणी

घरी. सासूबाईंनी विचारलं, "कसं हुतं बेट?" म्हटलं, सही केली की सगळं मिळतं तिथं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे बॅग घेऊन आत.

जया शंखांची माळ गळ्यात घालून शाळेत गेली. बाई ओरडल्या म्हणे. तरी काढली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. कोगनोळी

आईकडे आले. तिचे गुडघे धरलेत, तरी आज बँकेत निघाली होती. म्हटलं, तू बस, मी आणते पैसे, तुझं पुस्तक दे. तर म्हणाली, "तुला न्हाय देत गं. सहीवाल्यांचं कागद कुणीबी नेलं तरी चालतंय. अंगठ्याला माणूस लागतंय." आणि खरंच. बँकेतल्या बाबूंनी आधी आईचा चेहरा बघितला, पुस्तकावरचा फोटो बघितला, मग शाईचं पॅड पुढे केलं. आईनं अंगठा दाबला आणि शाई केसाला पुसली. लहानपणापासून बघतेय मी ते. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. आपली आई केसाला शाई पुसते म्हणून मी रस्त्यात तिच्यापासून चार पावलं लांब चालायची.

येताना आई म्हणाली, "तुझ्या आबानं दहा येळा हात धरून मला नाव लिवाय शिकवलं. म्या न्हाय शिकले. नाव कागदाबरोबर कुठंबी जातंय. अंगठा माझ्यासंगं घरला येतोय."

तिला काहीच ठाऊक नाही. मी तिला काही बोललेच नव्हते!

आज मी तिच्या शेजारून चालले. तिचा हात धरून.

२४ डिसेंबर, बुधवार

भावकूंनी पेंटरला बोलावून बोर्डाचं माप घेतलं. मी दळण घेऊन जाताना बघितलं. पेंटर विचारत होता, "जुनं नाव खरवडायचं का वरनंच रंग मारायचा?"

"वरनंच मार," भावकू म्हणाले.

ह्यांनी मला बघितलं आणि पाना हुडकायला खाली वाकले. पाना समोर स्टुलावरच होता.

मी आत गेले. तेरा वर्षांत पहिल्यांदा न बोलावता. मोटरीवर हात ठेवून विचारलं, "पाच हॉर्सपॉवरला किती एकर?" भावकू हसले. हे हसले नाहीत. "पाणी किती खोल हाय त्याच्यावर असतंय," हळूच म्हणाले. मग सगळं समजावून सांगितलं. हौद, पाईप, वॉल्व्ह. चांगलं सांगतात! मी आधी का विचारलं नाही कधी?

२८ डिसेंबर

जयानं विचारलं, "आई, गप्प का?" म्हटलं, अंगठा दुखतोय. पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलले.

३० डिसेंबर, मंगळवार

बाजारात गेले होते. आल्यावर डोक्यावरून आंघोळ करावी लागली. केसात शाई.

१ जानेवारी १९८७, गुरुवार

साडेअकराला हे बँकेतून परत आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे. मागे भावकू. हातात स्टँपपेपर.

"शालू, तुझी सही चालत न्हाय म्हणत्यात आता. परवा तूच जाऊन खात्याला अंगठा लावून आलीस म्हणं?"

लावला. मॅनेजर म्हणत होते, बाई, तुम्हाला लिहिता येतं की चांगलं! म्हटलं, येतं. म्हणूनच. त्यांनी फॉर्मवर पेन्सिलीनं बारीक फुली मारली आणि पॅड पुढे केलं.

कुणाला खोटं म्हटलं नाही. कुणाला आत घातलं नाही. ती सही तेवढी आता कुणाचीच राहिली नाही.

ह्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "आता गं?"

मी निळी चप्पल पायात घातली. म्हटलं, चला. दुकान उघडायची वेळ टळून गेलीय. भावकू, तुम्ही बाकावर बसा.